बेतवेची लढाई एका ओळीत संपत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत झाशीच्या वेढ्यावर आलेला लेख आवडला, पण बेतवेची लढाई त्यात एका ओळीत उरकलीय. तात्या टोपे मदतीला आले, हरले, परत गेले, आणि मग लगेच फितुरीनं दरवाजा उघडल्याची नेहमीची गोष्ट. मी येवल्याचा, तात्यांचं जन्मगाव आमचं, त्यामुळं हे मनाला लागलं आणि म्हणून लिहितोय.

इंग्रज सेनापती ह्यू रोज 21 मार्च 1858 ला झाशीपुढं आला. तात्यांनी तेव्हा नुकतंच बुंदेलखंडातलं चरखारी संस्थान घेतलं होतं, 24 तोफा आणि 3 लाख रुपये हाती लागले होते. राणीसाहेबांचा निरोप आला आणि ते जवळपास 20 हजार लोक घेऊन निघाले. 31 मार्चला संध्याकाळी झाशीजवळ बेतवा नदीकाठी त्यांनी मोठी होळी पेटवली, आम्ही आलोय हे झाशीला कळावं म्हणून, आणि शहरातून तोफांची सलामी देऊन उत्तर आलं. किती दिवस तोफगोळे खाणाऱ्या लोकांना ती आग बघून काय वाटलं असेल!

आता रोजनं काय केलं ते बघा. वेढा उठवला नाही, झाशीवरचा तोफांचा मारा चालूच ठेवला आणि फक्त 1500 च्या आसपास माणसं घेऊन तात्यांच्या समोर गेला. त्यात गोरे 500 पण नव्हते, बाकी आपलीच माणसं, मुंबई लष्कराची 24 वी आणि 25 वी नेटिव्ह इन्फंट्री आणि हैदराबादची फौज. मुंबईच्या लष्करात कोकणातली, देशावरची पोरं असायची हे सगळ्यांना माहितीय, ते सांगायला आपण लाजतो पण सांगितलं पाहिजे.

1 एप्रिलला पहाटे तात्यांची पहिली फळी पुढं आली. फळी लांबलचक, आणि स्वतः तात्या दुसऱ्या फळीत, जंगलाच्या आड, इतके मागं की पुढं काही बिघडलं तर मदत वेळेत पोचणारच नाही. माझ्या मते लढाई इथंच गेली. रोजनं दोन्ही टोकांना घोडदळ आणि घोड्यांनी ओढायच्या तोफा ठेवल्या, बाजूनं मारा सुरू केला आणि फळी डळमळतीय असं दिसताच दोन्हीकडून घोडदळ घातलं, एका बाजूला तर तो स्वतः पुढं होता. बाजूनं येणारा गोळा एका माणसाला लागून थांबत नाही, तो अख्खी रांग कापत जातो. फळी फुटली, लोक मागं पळत सुटले आणि ते थेट दुसऱ्या फळीच्या अंगावर. समोर आपलेच लोक धावत येतायत तर तोफ डागायची कुणावर? बाजूनं वळसा घालून झाशीकडं जाणारी एक तुकडी होती, तिला रोजच्या हाताखालच्या स्टुअर्टनं आधीच अडवून मागं रेटलं होतं. मग तात्यांनी जंगल पेटवलं आणि धुराच्या आड तोफा घेऊन नदी ओलांडली, पण इंग्रज घोडदळ त्या आगीतून मागं आलं आणि 28 च्या 28 तोफा गेल्या. तात्यांचे दीड हजाराच्या आसपास लोक पडले.

आणि झाशी? तटावर आरडाओरडा झाला, बुरुजांवरून जोरात गोळीबार झाला, पण वेढ्यावर तुटून पडायला दरवाज्यातून कुणी बाहेर आलं नाही. रोजचं सगळं बळ लढाईत नाहीतर वेढ्यात अडकलेलं, तेव्हा दोन्हीकडून एकदम दाब पडला असता तर त्याचं काय झालं असतं! रोजला पण हीच भीती होती. राणीसाहेबांबद्दलचा आदर कमी न करता मी हे लिहितोय. होळी पेटवायचं ठरलं पण सकाळी कुणी कधी बाहेर पडायचं हा प्लॅन झालेला दिसत नाही.

तात्यांना लढता येत नव्हतं असंही कुणी म्हणू नये. नोव्हेंबर 1857 मध्ये त्यांनीच ग्वाल्हेरच्या कंटिंजंटला, म्हणजे इंग्रजांविरुद्ध उठलेल्या तिथल्या फौजेला, घेऊन कानपूरला इंग्रज सेनापती विंडहॅमला मागं रेटलं होतं.

फितुरीच्या गोष्टीवर आपण फार भर देतो. 3 एप्रिलला इंग्रज आत शिरले ते तटाच्या भगदाडातून आणि शिड्या लावून, आणि तोवर बाहेरून कुणी येईल ही आशाच उरली नव्हती. 4 च्या रात्री राणीसाहेब यमुनेकाठच्या काल्पीकडं निघाल्या, तिथं परत तात्याच त्यांच्या सोबत होते आणि ग्वाल्हेर घेईपर्यंत दोघं एकत्र लढले.

एक विनंती आहे, परत असा लेख छापाल तेव्हा सोबत नकाशा द्या, त्यात झाशीचा तट, बेतवा आणि तात्यांच्या दोन्ही फळ्या दाखवा. शाळेतली पोरं तो कापून वहीत चिकटवतील.

आपला,
एक वाचक, येवला