न्यूट्रिनोंबरोबर तोतयांचाही आकडा छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चीनमधील ‘जुनो’ या भूमिगत न्यूट्रिनो प्रयोगावर (न्यूट्रिनो म्हणजे पदार्थातून जवळजवळ न अडता आरपार जाणारे सूक्ष्म कण) आपल्या विज्ञान पुरवणीत आलेला लेख आवडीने वाचला. इतक्या अवघड विषयाला आपण जागा दिलीत, याचा आनंद वाटला. मात्र ७०० मीटर खाली बाहेरचे काहीच पोहोचत नाही, म्हणून तिथे दिसेल तो न्यूट्रिनोच, असा समज त्या लेखातून होतो. तो दूर व्हायला हवा.

खडकामुळे वैश्विक किरणांतले म्युऑन (इलेक्ट्रॉनसारखे, पण जड कण) प्रचंड कमी होतात, संपत नाहीत. उरलेला एखादा म्युऑन खडकातून वेगवान न्यूट्रॉन उडवतो आणि खरी अडचण तिथे सुरू होते. अणुभट्टीतून आलेला प्रतिन्यूट्रिनो (न्यूट्रिनोचा प्रतिकण) ओळखायची खूण म्हणजे उपकरणात भरलेल्या द्रवात लागोपाठ उमटणाऱ्या दोन चमका. पहिली त्याच्या धडकेतून निघालेल्या पॉझिट्रॉनची (इलेक्ट्रॉनच्या प्रतिकणाची); त्याच धडकेत सुटलेला न्यूट्रॉन साधारण २०० मायक्रोसेकंदांनी हायड्रोजनने पकडला की दुसरी. बाहेरून घुसलेला न्यूट्रॉनही आधी प्रोटॉनला धडकून एक चमक देतो, मग पकडला जाऊन दुसरी. हुबेहूब तोतया!

जपानच्या ‘कॅमलँड’ प्रयोगाचा अनुभव या बाबतीत फार बोलका आहे. हा प्रयोग सुमारे एक किलोमीटर उंचीच्या डोंगराखाली होता. २००२ च्या अखेरीस जाहीर झालेल्या पहिल्या निकालात अशा दुहेरी चमकांच्या घटना ५४ आणि तोतये अंदाजे एक. पुढे लक्षात आले की एक वाट हिशेबात धरलीच नव्हती. द्रवात शिरलेला रेडॉन हा किरणोत्सारी वायू विघटित होऊन मागे शिसे-२१० ठेवतो, त्यातून पोलोनियम-२१० तयार होते आणि त्याचा अल्फा कण कार्बन-१३ वर आदळला की न्यूट्रॉन सुटतो. निसर्गातल्या कार्बनमध्ये कार्बन-१३ जेमतेम १.१ टक्का, तरी तेवढे पुरले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात २५८ घटनांपैकी तोतये १७.८ धरावे लागले, तेही ७.३ ने कमी-अधिक, आणि निम्म्याहून जास्त या एकाच वाटेने आलेले. डोंगर दुप्पट उंच असता तरी हे न्यूट्रॉन थांबले नसते, कारण ते आतल्या द्रवातच जन्मत होते.

न्यूट्रिनो रूप बदलतात हा ‘कॅमलँड’चा निष्कर्ष टिकला. पण तो टिकला, कारण त्या शास्त्रज्ञांनी आपली चूक स्वतः शोधली. पोलोनियम आणि कार्बन-१३ यांचा स्रोत मुद्दाम तयार करून त्यांनी या न्यूट्रॉनांचे मोजमाप केले, नंतर सगळा द्रव शुद्ध केला. मला या कामाचे मोल शोधाइतकेच वाटते. बातमीत मात्र ते कधी दिसत नाही.

आपल्याकडे जमिनीखाली न्यूट्रिनो टिपण्याची परंपरा जुनी आहे. १९६५ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून अधिक खोल, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी व ब्रिटिश सहकाऱ्यांसह वातावरणातले न्यूट्रिनो टिपले होते. त्यामुळे आपला वाचक एवढा तपशील सहज पेलेल.

विनंती एकच : यापुढे ‘इतके न्यूट्रिनो सापडले’ असे छापताना त्यातले तोतये किती धरले आणि तो अंदाज कितीने चुकू शकतो, हे दोन आकडे त्याच ओळीत द्यावेत.

आपला,
एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक, सातारा