सातबाऱ्यावर विधवा, लष्कराच्या कागदावर कोणीच नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१६ डिसेंबरला विजय दिन आला की ठिकठिकाणी वीरपत्नींचे सत्कार होतात. आपल्या सोलापुरात शालीऐवजी चादर देतात, एवढाच फरक. मोहोळ तालुक्यात दिलेल्या एका बाईंचे नाव या सत्काराच्या यादीत कधीच आले नाही. ते का आले नाही, हे सांगण्यासाठी हा पत्रप्रपंच. त्यांच्याच सांगण्यावरून नाव देत नाही.

१९७१ च्या वैशाखात त्यांचे लग्न झाले. नवरा फौजेत शिपाई. रजा संपली तसा तो परत गेला आणि डिसेंबरच्या लढाईत कामी आला. तार आली ती सासऱ्यांच्या नावाने. पुढे पेन्शनही सासू-सासऱ्यांनाच मंजूर झाली, कारण नोकरीच्या कागदांवर मुलगा अविवाहित होता. लग्न झाल्यावर जवानाने युनिटला कळवायचे, युनिटने 'पार्ट टू ऑर्डर', म्हणजे जवानाच्या घरगुती बदलांची नोंद करणारा आदेश, काढायची आणि ती जवानांचे नोकरीचे कागद सांभाळणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला पोचली की मग बायको कागदावर येते. इथे ती ऑर्डर निघालीच नाही. त्याने कळवायचे राहिले की कारकुनाने लिहायचे राहिले, हे आता कोण सांगणार? लढाईची जमवाजमव चालू असताना एका शिपायाच्या लग्नाची नोंद मागे पडली, तर त्यात नवल नाही. पण त्याची भरपाई बाईंनी का करायची?

घरात पैसे येत होते तोवर कोणाला काही वाटले नाही. सासूबाई गेल्या आणि पेन्शन थांबली. बाई सोलापुरात भावाकडे आल्या, विड्या वळू लागल्या. आपलाही काही हक्क आहे, हे त्यांना ना कोणी सांगितले, ना त्यांनी विचारले. पुतण्याने अर्ज केला तो अगदी अलीकडे.

मी टपाल खात्यात उभी हयात घालवली, म्हणून त्यांनी कागदांची पिशवी माझ्यापुढे ओतली. तीत मनीऑर्डरची कूपने निघाली. पिवळी पडलेली, घडीवर विरलेली. मजकुराच्या जागेत जेमतेम दोन ओळी मावतात, तिथे 'सौ.' लावून बाईंचे सासरचे नाव आणि 'अनेक आशीर्वाद'. पाठवणाऱ्याचा पत्ता ५६ ए.पी.ओ., म्हणजे लष्करी टपाल कार्यालय. तारखेचा शिक्का फिका झालाय, पण १९७१ चा सप्टेंबर मला चष्म्यातून स्वच्छ वाचता आला. हे कूपन दाखवल्यावर एका कार्यालयात उत्तर मिळाले, 'हा विवाहाचा पुरावा होत नाही, नोंदणीचा दाखला आणा.' त्या काळी खेड्यात लग्नाची नोंदणी कोण करत होते हो? नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने नवे नाव लिहिले, झाली नोंदणी. शिवाय शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे. या दोघी एकच, हेही सिद्ध करा म्हणतात. आधार केंद्रात बोटांचे ठसे उमटत नाहीत, ती आणखी वेगळी कटकट. पुनर्विवाह केला नसल्याचा दाखलाही लागेल म्हटल्यावर मात्र बाई हसल्या. म्हणाल्या, "आता या वयात कोण करतंय ओ माझ्याशी लगीन?"

खरी गोष्ट पुढेच आहे. सासरे वारल्यावर तलाठ्याने वारस नोंद धरली. त्या फेरफारात 'मयत मुलाची विधवा' म्हणून यांचे नाव आहे आणि सातबाऱ्यावर ते आजही आहे. नोटीस निघाली होती, हरकत कोणी घेतली नाही. दिराच्या वाट्याची जमीन कमी होत असतानाही दीर गप्प राहिला. याहून चांगला साक्षीदार कुठून आणायचा? जमिनीच्या कागदासाठी सरकारने बाईंना त्या शिपायाची बायको मानले. मग पेन्शनच्या कागदासाठी सरकारला कोणता वेगळा पुरावा हवा आहे?

प्रश्न थोडक्या पैशांचा नाही. युद्धात कामी आलेल्या जवानाच्या पत्नीला उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन मिळते, म्हणजे शेवटच्या पगाराइतके. साधे कुटुंब निवृत्तिवेतन त्याच्या ३० टक्के असते. इथे दोन्हींपैकी एकही नाही. वकील म्हणतात, मुंबईला सशस्त्र दल न्यायाधिकरणात जा. जावे लागले तर जाऊ. पण उशिरा केलेल्या दाव्यात थकबाकी बहुधा मागच्या तीन वर्षांपुरतीच हाती पडते. आधीची सगळी वर्षे गेली ती गेलीच.

जिल्हाधिकारी हे जिल्हा सैनिक मंडळाचे अध्यक्ष असतात आणि तलाठी-मंडल अधिकारीही त्यांच्याच हाताखाली. त्यांनी मनावर घेतले तर गृहचौकशी, गावातल्या जुन्या माणसांचे जबाब आणि फेरफाराची प्रत असे सगळे एकत्र करून स्वतःच्या सहीने रेकॉर्ड ऑफिसला पाठवता येईल. ही ऑफिसेही काय जवळ आहेत? मराठा लाईट इन्फंट्रीचे बेळगावला, तोफखान्याचे नाशिक रोडला, महार रेजिमेंटचे थेट मध्य प्रदेशात सागरला. सत्तरी ओलांडलेल्या बाईंना तिकडे पाठवण्यापेक्षा कागद पाठवलेला बरा. जुनी कागदपत्रे ठरावीक मुदतीनंतर नष्ट करतात हे मान्य, पण लाँग रोल, म्हणजे भरती झालेल्या जवानांची कायमची नोंदवही, राहतो. तो काढून बघावा. आणि नाहीच म्हणायचे असेल तर कारणासह लेखी म्हणावे. माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ तेच सांगते. तोंडी नकाराविरुद्ध अपील तरी कशाच्या आधारावर करायचे? माहितीच्या अर्जाला लागणारी दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर मी स्वतः काढून ठेवली आहे.

चौकशी मात्र लवकर व्हावी. त्या लग्नाच्या पंगतीत वाढणारे दोघे अजून गावात आहेत, जबाब द्यायलाही तयार आहेत. पण दोघेही ऐंशीच्या घरातले आहेत, आणि एकाला आता नीट ऐकू येत नाही.

आपला,
एक निवृत्त टपाल कर्मचारी,
जुळे सोलापूर