ऑपेरातलं हसू ऐकायला शिकवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सा. न.

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे जाहीर पत्र.

इटालियन ऑपेरा म्हणजे राजे, देव आणि शेवटी मरणारी नायिका, एवढंच मला ठाऊक होतं. तुम्ही थेट पेर्गोलेसी या संगीतकाराची ‘ला सेर्वा पाद्रोना’ ही विनोदी संगीतनाटिका लावलीत. १७३३ साली नेपल्समध्ये त्याच्याच एका गंभीर ऑपेराच्या अंकांमधल्या वेळात ती पहिल्यांदा झाली. गाणारी पात्रं दोनच, तिसरा नोकर मुका. मालक उबेर्तो तीन तास चॉकलेटची वाट बघतोय आणि मोलकरीण सेर्पिना ते आणायचं नाव काढत नाही! अखेरीस तीच घरची मालकीण होते.

‘सेर्पिनाची आठवण काढाल कधीतरी,’ असं ती संथ लयीत, गळा दाटून आल्यासारखं गाते. मग एकदम ताल बदलतो, लय चढते आणि ती स्वतःशीच म्हणते, विरघळायला लागला की हा! तिथे तुम्ही रेकॉर्ड थांबवलीत आणि दोन्ही तुकडे पियानोवर पाठोपाठ वाजवलेत. शब्दांशिवायसुद्धा तिचं नाटक कळत होतं. विनोद सुरांतच लिहिलेला असतो, हे मला त्या दिवशी कळलं. बाई, त्यासाठी मी तुमची कायमची ऋणी आहे.

पुढचं सगळं तुम्ही याच धाग्याला धरून ऐकवलंत. नेपल्सच्या बोलीतली, फियोरेंतीनी थिएटरातली संगीत प्रहसनं तर याच्याही आधीची. व्हेनिसमध्ये गोल्दोनीनं संहिता लिहिल्या, गालुप्पीनं संगीत दिलं आणि अंकाच्या शेवटी सगळी पात्रं एकत्र गाऊन गोंधळ वाढवत नेऊ लागली. १७५२ साली पेर्गोलेसीची ही मोलकरीण पॅरिसला पोचली, तर तिथे फ्रेंच संगीत थोर की इटालियन यावर पत्रकबाजीच सुरू झाली.

मोत्सार्टच्या ‘फिगारो’च्या (१७८६) दुसऱ्या अंकाचा शेवट मला अजून पुरता पेलत नाही. दोघांच्या भांडणापासून सुरुवात होते आणि वीसेक मिनिटांत सात जण एकाच वेळी आपापलं म्हणणं गाऊ लागतात. तरी प्रत्येकाचा स्वभाव वेगळा ऐकू येतो. तुम्ही एकेका आवाजावर बोट ठेवून तो ऐकायला लावलात, न कंटाळता, पुन्हा पुन्हा.

रोसिनी आणि दोनिझेत्ती आता मी माझी मी ऐकते. व्हेर्दीचा ‘फाल्स्टाफ’ (१८९३) मात्र तुमच्यासाठी राखून ठेवलाय. दिवाळीत येईन तेव्हा तो तुमच्याजवळ बसूनच ऐकायचा आहे.

तुमची विद्यार्थिनी