दोष कागदाचा, मुलांचा नव्हे

संपादक महोदय,

शासकीय रेखाकला परीक्षांची तयारी सुरू झाली की ‘मुलांना जलरंग जमत नाहीत’ ही तक्रार ऐकू येते. बहुतेक वेळा दोष कागदाचा असतो. चित्रकलेच्या वहीतला पातळ कागद पाणी लागताच फुगतो, खळग्यांत रंग साचतो आणि रंगाचा दुसरा हात देताना कागदाची लव निघते. महिन्यातून एकदा तरी ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जाड कागद द्यावा. एका मोठ्या कागदाचे आठ तुकडे केले की खर्चही झेपतो.

पाण्याचे दोन डबे हवेत, एक कुंचला धुवायला आणि दुसरा रंग कालवायला. आधी फिका हात द्यावा. तो वाळला का हे पाहताना तळहाताच्या मागच्या बाजूला कागद गार लागला तर आत अजून ओल आहे असे समजावे. त्यावर पाणीदार कुंचला टेकला की फुलकोबीसारखे डाग फुटतात. पांढरा रंग काही महिने बाजूलाच ठेवावा. जलरंगात उजेड कागदाच्या पांढरेपणातून येतो. पांढरा मिसळला की रंग पिठूळ होतो. हे सांगून पटत नाही, दोन पट्ट्या शेजारी रंगवून दाखवाव्या लागतात.

आणि मुलांच्या चित्रावर मोठ्यांनी कुंचला फिरवू नये, ही कळकळीची विनंती.

— एक कलाशिक्षिका, सातारा