फोटोखाली दोघांचीही नावे हवीत

संपादक महोदय,

पावसाळी सह्याद्री टिपणाऱ्या जोडप्यावरचा रविवार पुरवणीतला लेख आवडला. फोटोही झकास छापले आहेत. नाणेघाटाच्या फोटोवर तर मी बराच वेळ रेंगाळले. पण मुलाखत दोघांची आणि प्रत्येक फोटोखाली ‘छाया’ म्हणून नाव एकट्या नवऱ्याचे, हे खटकले.

या कामात बटण दाबायला लागतो तो क्षणच. जागा हेरणे, अंधारात ट्रायपॉड घेऊन चढणे, धुके फाटेपर्यंत भिजत बसणे आणि घरी आल्यावर ढीगभर फोटोंतून चार निवडणे, हेच खरे काम. त्यात कोणाचा वाटा किती, हे त्या दोघांना तरी सांगता येईल का?

जर्मनीच्या बर्न्ड आणि हिला बेशर या छायाचित्रकार जोडप्याने ही वाटणी कधी केलीच नाही. 1959 पासून दोघे मिळून पाण्याच्या टाक्या, खाणींवरचे मनोरे, लोखंडाच्या झोतभट्ट्या टिपत राहिले. सावल्या पडू नयेत म्हणून आभाळ भरून यायची वाट बघायची आणि समोरून, थोड्या उंचीवरून फोटो घ्यायचा, ही त्यांची पद्धत. (लालबाग-परळच्या धुराड्यांना असे कोणी भेटायला हवे होते, असे राहून राहून वाटते.) त्यांच्या कामावर नावे दोघांची. 1990 मध्ये व्हेनिस बिएनाले या कलाप्रदर्शनाचा गोल्डन लायन पुरस्कार मिळाला तोही दोघांना, आणि गंमत म्हणजे शिल्पकलेसाठी! तरी 1976 मध्ये ड्युसेलडॉर्फच्या कला अकादमीने प्राध्यापकपद दिले ते फक्त बर्न्डना. ते मूळचे चित्रकलेचे. छायाचित्रणाचे रीतसर शिक्षण घेतले होते ते हिलाने.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. आपल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला कॅमेरा शिकल्या त्या माणेकशांकडून, पुढे तेच त्यांचे पती झाले. त्यांचे काम निसर्गाचे नव्हे, वृत्तछायाचित्रणाचे; पण सुरुवातीला त्यांनी काढलेले फोटो छापून आले ते माणेकशांच्या नावाने. नवख्या बाईच्या नावाला तेव्हा कोण विचारणार? पुढे 2011 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. त्या काळच्या संपादकांना निदान काळाची सबब होती. आज ती कोणी ऐकून घेणार नाही.

तेव्हा पुढच्या रविवारी दुरुस्ती छापावी. छापील अंकात दोन नावे बसत नसतील, तर फोटो बोटभर लहान करा, आमची तक्रार नाही. वेबसाइटवर तर जागेचीही अडचण नाही. तिथली ओळ आजच बदलता येईल.

— एक वाचक, गिरगाव, मुंबई