रासी सर, आमच्या ‘सुतळी बॉम्ब’ पोरींकडून आभार

आदरणीय रासी इरॅस्मस सर,
सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापूर जिल्ह्यात शाळेतल्या मुलींना रग्बी शिकवतो. आमच्याकडे कुस्ती आणि फुटबॉल रक्तातच. रग्बी मागनं आली. खेळ सेव्हन्सचा. सात जणी मैदानात, पाच राखीव. खरी डोकेदुखी या पाच जणींची. बाहेर बसवलं की पोरीचं तोंड उतरतं आणि संध्याकाळी बाप दारात हजर, “आमच्या पोरीत काय कमी हाय?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते तुमच्याकडून, दक्षिण आफ्रिकेच्या रग्बी प्रशिक्षकाकडून मिळालं.

२०१९ ची योकोहामातली वर्ल्डकप फायनल, पंधरा जणांच्या रग्बीची. तुमचा बीस्ट म्तावारिरा स्क्रममध्ये, म्हणजे खांद्याला खांदा लावून रेटायच्या झुंजीत, इंग्लंडला मागे रेटत होता, समोरच्याला उभं राहू देत नव्हता. तरी उत्तरार्ध सुरू होतोय तोच तुम्ही त्याला बाहेर घेतलं आणि ताज्या दमाच्या किट्सॉफला आत सोडलं. चांगला खेळणारा बाहेर आला, पण कुणी नाक मुरडलं नाही. आठ राखिवांत सहा फॉरवर्ड, म्हणजे स्क्रममध्ये भिडणारे दांडगे गडी, त्यांचं नाव ‘बॉम्ब स्क्वॉड’. सामना तुम्ही ३२-१२ नं जिंकला. आता दारात आलेल्या प्रत्येक बापाला मी आधी चहा देतो, मग मोबाईलवर हा तुकडा दाखवतो. निम्मे तरी गप होतात.

२०२३ ला तर तुम्ही लोकांनी राखिवांत सात फॉरवर्ड घेतले. ट्विकनहॅमला न्यूझीलंडला ३५-७ धुतलं. पॅरिसच्या वर्ल्डकप फायनलला न्यूझीलंडविरुद्ध पुन्हा तीच सात फॉरवर्ड, एक मागचा गडी अशी मांडणी, १२-११ नं जिंकलात. तेव्हा टीका काय कमी झाली? स्वतः ३६ कसोट्या खेळलेला फ्लँकर (हाही एक फॉरवर्डच) बाकावरच्यांचा एवढा विचार करतो, याचं मला फार अप्रूप.

एक सांगतो, राग मानू नका. २०२१ मध्ये पंचांच्या चुका काढणारा तुमचा तो तासाभराचा व्हिडिओ मला पटला नाही. पोरींना दाखवलाही नाही. वस्तादानं पंचाशी भांडायचं नसतं, ही आमची तालमीची रीत.

बाकी सगळं मात्र उचललंय. सरावात राखीव पाच जणींचे डाव वेगळे बसवतो, दुसऱ्या हाफला कोण कुठल्या बाजूनं घुसणार हे आधीच ठरलेलं असतं. पोरींनी स्वतःच त्यांना ‘सुतळी बॉम्ब’ म्हणायला सुरुवात केली. यंदा तर संघातली सगळ्यात चपळ पोरगी म्हणते, “सर, मला दुसऱ्या हाफलाच सोडा.” आता तिच्या बापाला काय सांगू, तेवढं कळवा.

आपला,
कोल्हापूरचा एक वस्ताद