तुझी वही मी उघडली

सोलापूर, रविवार रात्र

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

पोचल्याचा फोन तू आईला केलास, मला नाही. बरोबरच आहे. न विचारता तुझी सॅक उपसली ती मीच.

समोरच्या काकांनी मोबाइलवर तुझं गाणं दाखवलं. काळे कपडे, तोंडाला राख. म्हणाले, पोरगं कुठल्या नादाला लागलंय बघा. तिथल्या तिथं बोलायला हवं होतं मी. बोललो नाही. घरी आलो आणि तू आंघोळीला गेल्यावर चेन उघडली. निघालं काय? दोन टॉवेल, आक्कानं बांधून दिलेली शेंगाचटणी, गिटारच्या तारा आणि वही. त्या पानावर चितेवरचा माणूस म्हणत होता, "आणखी दोन लाकडं टाका, अजून गार वाटतंय." माझे हातच गळाले.

वेळेवर जेवतोस ना?

भांडताना तू अमेरिकेतल्या त्या तिघांचं ओरडून सांगितलंस, ते मी ताईकडून नीट समजून घेतलं. आर्कान्सामध्ये 1993 साली तीन लहान मुलांचे खून झाले आणि धरली ही पोरसवदा पोरं. काळे कपडे, मेटल म्हणतात त्या जोरकस गिटारच्या गाण्यांची आवड, एकाचं लिखाण, सगळं कोर्टात मांडलं. एकाला मृत्युदंड, दोघांना जन्मठेप. सुटले 2011 ला, 18 वर्षांनी. हे ऐकून मला रात्रभर माझा हात त्या चेनवर दिसत होता.

तिकडच्याच नेवाडातल्या दोन पोरांच्या घरच्यांचंही कळलं. गाण्यात जीव द्यायचा निरोप दडवलाय म्हणून त्यांनी बँडवर खटला भरला, 1990 ला न्यायाधीशांनी बँडला दोषी धरलं नाही. ते तू जिंकल्यासारखं सांगितलंस. मला मात्र ते आईबापच दिसत राहिले. पोर गेल्यावर माणूस कशाला तरी धरून बसणारच रे.

मी स्वतः तीस वर्षं मयताच्या घरी रात्रभर भजन म्हणतोय. आपलं मरण आपल्या डोळ्यांनी पाहिलं, हा तुकोबांचा अभंग किती अंगणांत म्हटला असेन. पहाटे लोक चहा देतात, पाया पडतात. माझी पिशवी आजवर कुणी तपासली नाही.

आणि तुझा मामा. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर पाळण्यातून शिट्ट्या मारायचा, हळदीत सगळ्यात आधी नाचायला तोच. उदास गाणं त्याच्या तोंडून कधी ऐकलं नाही. मागं त्यानं एक ओळ ठेवली नाही. तुझ्या आईनं त्याच्या शर्टांचे खिसे किती दिवस चाचपले, तू लहान होतास. म्हणून तू लिहितोस ते बरंच, असं वाटतं. आणि तेच वाचून छातीत धस्स होतं. दोन्ही खरं आहे.

जागरणं कमी कर. नोकरी तडकाफडकी सोडू नकोस. गाण्याला कुणी नाही म्हणत नाही, पण माणसानं दिवसाउजेडी चार लोकांत... बघ, सुरू झालं माझं. राहू दे. चुकलो.

त्या गाण्यात मागं जो ठेका आहे, तो आपल्या मागाचा आहे का? आई भाकरी थापता थापता थांबली, म्हणाली, हा तर कारखान्यातला आवाज. एमआयडीसीत मी पाळीवर असताना तू टॉवेलांच्या गठ्ठ्यावर झोपायचास. माग बंद पडला की जागा होऊन रडायचास. परवा कारखान्यात पोरांना मी ते गाणं ऐकवलं. माझा मुलगा आहे, म्हटलं.

सॅक उघडण्यापेक्षा तुलाच विचारायला हवं होतं. विचारतो. गार वाटतंय ते त्या गाण्यातल्या माणसाला, की तुलाही वाटतं? रात्रीबेरात्री वाटलं तरी फोन कर, मी काही बोलणार नाही, ऐकेन. बुधवारी पाळी संपल्यावर साडेनऊला मीच करतो. उचल.

आक्कानं नवी चादर काढून ठेवली आहे. उद्या कुरिअरला टाकतो.

तुझे,
बाबा